आरशातलं प्रेत: 'नाइट'मधल्या प्रतिमा वाचायच्या कशा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला एली वीझेल यांचं 'नाइट', म्हणजे नाझी छावण्यांतून वाचलेल्या मुलाच्या आठवणींचं पुस्तक, लावलं आहे. नोट्समध्ये "रात्र म्हणजे मृत्यू, आग म्हणजे विनाश, आरसा म्हणजे हरवलेली ओळख" असा तक्ता मिळाला आहे. तो पाठ करून गुण मिळतील, पण पुस्तक वाचल्यावर तक्ता खोटा वाटतो आणि का खोटा वाटतो ते नेमकं सांगता येत नाही. शिवाय शेवटचं, आरशात प्रेत दिसल्याचं वाक्य मराठीत आणायला गेलात, तर ते पोकळ वाजलं.

तुमची शंका रास्त आहे. तक्त्यातला एकेक अर्थ तसा चुकीचा नाही. घोळ त्याच्या मुळाशी आहे. प्रत्येक प्रतिमा दुसऱ्या कशाच्या तरी जागी आली आहे, असं तो तक्ता धरून चालतो. या पुस्तकात गमावलेल्या माणसांबद्दलचे बरेचसे शब्द कशाच्याही जागी आलेले नाहीत. जे घडलं त्याचीच ती नावं आहेत. त्यामुळे 'या प्रतिमेचा अर्थ काय' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'ही मुळात प्रतिमा आहे का'.

दोन गोष्टींवर उत्तर थोडं बदलेल. एक, तुमच्या हातात कोणता अनुवाद आहे: स्टेला रॉडवे यांचा १९६० चा की मॅरियन वीझेल यांचा २००६ चा. दोन्ही इंग्रजीच, पण काही कळीच्या ओळी वेगळ्या आहेत. दुसरं, तुम्हाला परीक्षेसाठी परिच्छेदाचं विश्लेषण लिहायचं आहे की अनुवाद करायचा आहे. वाचनाची पद्धत दोन्हींना एकच, फक्त अनुवादात चूक लपत नाही.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक असेल, तरी लागेल तेवढी सांगतो. वीझेल १९२८ मध्ये सिगेट या गावी जन्मले. गाव ट्रान्सिल्वेनियातलं, १९४० मध्ये हंगेरीच्या ताब्यात गेलेलं. मार्च १९४४ मध्ये जर्मनांनी हंगेरी व्यापली आणि मे ते जुलै या जेमतेम आठ आठवड्यांत तिथून सुमारे ४ लाख ४० हजार यहुदी नेले गेले, त्यातले बहुतेक आउश्वित्झ-बिर्केनाऊ या मृत्युछावणीला. पंधरा वर्षांचा एली आईवडील आणि बहिणींबरोबर त्यात होता. आई आणि धाकटी बहीण त्झिपोरा तिथेच मारल्या गेल्या. वडील जानेवारी १९४५ च्या अखेरीस बुखेनवाल्डच्या छावणीत वारले. पुस्तक आधी यिडिशमध्ये १९५६ साली ब्वेनोस आयरेसला निघालं, पुष्कळ लांबीचं. मग आटवून, नव्याने घडवून १९५८ मध्ये फ्रेंचमध्ये आलं. आपण वाचतो ते इंग्रजी या फ्रेंच पुस्तकाचं.

आता पद्धत. आपल्याकडे शाळेपासून शब्दशक्ती शिकवतात: अभिधा, लक्षणा, व्यंजना. परीक्षेपुरतं पाठ करून आपण ते सोडून देतो, पण या पुस्तकासाठी मला यापेक्षा धारदार हत्यार सापडलेलं नाही. लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ अडला पाहिजे. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे नेहमीचं उदाहरण घ्या. रणांगणावर बांगड्या नव्हत्या, सरळ अर्थ अडतो, म्हणून आपण सवाष्णींच्या वैधव्याकडे आणि तिथून मेलेल्या माणसांकडे जातो. त्याच लढाईच्या खबरेतली 'दोन मोती गळाली' ही ओळही तशीच. माणसांच्या जागी मोती आले.

हीच कसोटी वीझेल यांच्या छावणीतल्या पहिल्या रात्रीच्या परिच्छेदाला लावा. 'मी कधीही विसरणार नाही' हे शब्द सात वेळा येतात आणि शेवटी एकटाच 'कधीही' उरतो, तोच तो परिच्छेद. त्यातल्या तिसऱ्या वाक्याचा आशय असा: ज्यांची शरीरं मुक्या आकाशाखाली धुराची वेटोळी होताना मी पाहिली, त्या मुलांचे इवलेसे चेहरे मी विसरणार नाही. इथे 'शरीरांचा धूर झाला' याचा सरळ अर्थ अडतो का? नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात हंगेरीहून इतक्या गाड्या येत होत्या की बिर्केनाऊच्या भट्ट्या पुरेनात, म्हणून उघड्या खड्ड्यांत प्रेतं जाळली जात होती. धूर हा धूर आहे. लक्षणेची पायरीच इथे येत नाही. 'धूर हे नश्वरतेचं प्रतीक' असं लिहिलंत, तर जे साक्षीदार सांगतो आहे ते तुम्ही पुसून टाकता.

त्याच वाक्यात 'मुकं आकाश' आहे. इथे मात्र सरळ अर्थ अडतो. आकाश बोलत नाही, म्हणून ते गप्पही राहू शकत नाही. ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षा असते तोच मुका ठरतो. ही खरी लक्षणा आणि ती देवाकडे नेते. एका वाक्यात अर्धं वास्तव, अर्धं रूपक, दोन्ही जोडून ठेवलेलं. उत्तरपत्रिकेत एवढा एक सांधा दाखवलात तरी तक्त्याच्या दहा ओळींपेक्षा मोलाचं काम होईल.

मग धूर नुसता धूर म्हणून सोडून द्यायचा का? तसंही नाही. सरळ अर्थ जागेवर ठेवून त्याच्यापलीकडे जे ऐकू येतं ती व्यंजना, अभिधेवर उभी असलेली. धुराला थडगं नसतं. धूर कुठे गेला ते सांगता येत नाही. नाव कोरायला दगड नाही आणि दिवस धरायला तिथी नाही. हे सगळं धूर खरा असल्यामुळेच ऐकू येतं. लक्षणेत सरळ अर्थ मागे टाकून पुढे जातात. इथे तो मागे टाकता येत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

मादाम शेख्टरचा प्रसंग ही कसोटी पुस्तकातच घडवून दाखवतो. छावणीकडे निघालेल्या मालगाडीच्या बंद वाघिणीत ती ओरडते, आग दिसते, ज्वाळा दिसतात. बाहेर अंधार. बाकीचे तिला वेडी ठरवतात, बांधतात, तोंडात बोळा कोंबतात, मारतात. म्हणजे तिचं बोलणं ते भ्रम म्हणून, कशाचं तरी लक्षण म्हणून वाचतात. गाडी बिर्केनाऊला थांबते, खिडकीतून खरोखरच धुराड्यातून निघणाऱ्या ज्वाळा दिसतात आणि ती गप्प होते. नोट्समध्ये याला पूर्वसूचना म्हणतात. तंत्र म्हणून ते ठीक. मला त्यात वाचकाला दिलेली ताकीद दिसते: सरळ सांगितलेलं वेडगळ बोलणं समजून बाजूला सारलं, तर तुम्ही त्या वाघिणीतल्या लोकांच्याच रांगेत बसता. आधी हद्दपार झालेला मोईशे हत्याकांडातून वाचून परत येतो आणि सांगतो, तेव्हा सिगेटचे लोक हेच करतात.

भाषेची फसवणूक त्या काळात उलट्या बाजूने चालली होती, हेही ध्यानात असू द्या. मारणाऱ्यांची कागदपत्रं सौम्य शब्दांनी भरलेली होती: हत्येला 'विशेष वागणूक', हद्दपारीला 'पुनर्वसन', कोण जगेल कोण मरेल याला 'निवड'. आडपडद्याचं बोलणं हे त्यांचं हत्यार. अशा वेळी वाचलेला माणूस 'धूर' म्हणतो तेव्हा तो पडदा फाडत असतो. आपण तिथे पुन्हा अलंकाराचा पडदा लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता त्याच परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यातल्या, सात वेळा बंद केलेल्या रात्रीकडे या, कारण अनुवादाचा प्रश्न इथे उघडा पडतो. १९६० च्या इंग्रजीत ती रात्र सात वेळा शापित आणि सात वेळा मोहरबंद आहे. २००६ मध्ये शाप गेला, मोहर राहिली. फ्रेंचमध्ये शाप नाहीच आणि शब्द आहे तो दाराला कडी-अडसर घालण्याचा. 'मोहर' वाचून अनेक विद्यार्थी बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या सात मोहरांकडे धावतात. ते ख्रिस्ती शास्त्र आहे. तल्मूद हा यहुदी धर्मग्रंथ शिकणाऱ्या, हसिदी या यहुदी भक्तिपंथाच्या घरातल्या मुलाच्या रात्रीला ते जोडायचं तर आधार लागेल, आणि फ्रेंच शब्द तो आधार देत नाही. कडी-अडसर म्हटलं की पुस्तकातलंच दुसरं दार समोर येतं. काही पानं आधी वाघिणीची दारं खिळे ठोकून बंद केली जातात आणि तो म्हणतो, सगळं जग म्हणजे एक घट्ट बंद वाघीण झालं होतं. रात्र त्या वाघिणीसारखीच बाहेरून बंद केलेली आहे. मराठीत मी 'सात अडसर घातलेली रात्र' म्हणेन. सात या आकड्यामागे यहुदी परंपरेतला आठवडा आहे आणि माणूस गेल्यावर घरात पाळायचा सात दिवसांचा दुखवटाही. तो दुखवटा छावणीत कुणालाच पाळता आला नाही. एवढं सुचवावं आणि थांबावं. 'सात म्हणजे अमुकच' असा हट्ट धरू नये.

त्याच परिच्छेदात पुढे ज्वाळांनी माझी श्रद्धा कायमची जाळली, त्या क्षणांनी माझ्या देवाचा खून केला, असं येतं. इथे मुख्यार्थबाध स्पष्ट आहे, श्रद्धा हा जळाऊ पदार्थ नव्हे. रूपक कसं बनलं ते मात्र पाहा. आग आधी समोर खरी होती, मग तीच आत शिरली. थोडं पुढे तो म्हणतो की तल्मूद शिकणारा मुलगा ज्वाळांत जळून गेला, माझ्यासारखा दिसणारा एक आकार तेवढा उरला, आत्म्यात काळी ज्वाळा घुसली आणि तिने तो गिळला. हे वाक्य पेन्सिलीने ठळक करून ठेवा, आरशापाशी लागेल.

इथली नेहमीची चूक: 'देवाचा खून' वाचून 'लेखक नास्तिक झाला' असा निष्कर्ष. लगेच पुढचं वाक्य बघा. देवाइतकं दीर्घ जगायची शिक्षा झाली तरी हे विसरणार नाही. आत्ता ज्याचा खून झाला म्हणाला, त्याच्याच आयुष्याने काळ मोजतो आहे. हा विरोध चुकून आलेला नाही. रोश हशानाच्या, म्हणजे यहुदी नववर्षाच्या प्रसंगात तो सांगतो की मी आता निव्वळ राख आहे, तरी या सर्वशक्तिमानापेक्षा बलवान आहे, मी फिर्यादी आणि देव आरोपी. 'राख' हा शब्द ऐकून आपल्याला भट्टी आठवते, आणि आठवलीच पाहिजे. पण तोराह, म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, पाठ असलेल्या मुलाला आणखी एक जागा आठवते. त्यातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोम हे शहर वाचवण्यासाठी देवाशी वाद घालतो आणि म्हणतो, मी तर धूळ आणि राख आहे. अब्राहामाची राख नम्रतेची. एलीच्या 'राख' या शब्दामागे त्याच्याच लोकांची खरी राख आहे. देवाशी भांडण्याची परंपरा मात्र तीच आहे, तुटलेली नाही. प्रतिमा कुठून आली ते माहीत नसलं, तर भांडण आणि नाकारणं यातला फरक हातातून निसटतो.

मराठी वाचकाला इथे एक खास धोका आहे आणि अनुवाद करणाऱ्याला तर फारच. आग, राख, धूर या शब्दांभोवती आपल्या भाषेत पवित्र शब्दांचा मोठा गोतावळा आहे: होमकुंड, आहुती, समिधा, चिता, अस्थी, विसर्जन. हात आपोआप तिकडे जातो. 'लाखो यहुद्यांची आहुती पडली' हे वाक्य मराठी लेखांत सर्रास दिसतं. आहुती कोणीतरी श्रद्धेने देतो, कोणीतरी स्वीकारतो. इथे कोणी दिली, कोणी स्वीकारली? खुद्द 'होलोकॉस्ट' हा शब्दही ग्रीकमधून, संपूर्ण जाळलेल्या बळीच्या अर्थाने आला आहे, म्हणूनच अनेकांना तो खटकतो आणि ते हिब्रू 'शोआ' म्हणजे महाआपत्ती, किंवा यिडिश 'खुर्बन' म्हणजे विध्वंस असं म्हणतात. 'बलिदान' आणि 'हौतात्म्य' यांनाही हीच हरकत.

यापेक्षा खोल अडचण अंत्यविधीची. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दहन हा सन्मानाचा शेवट. अग्नी देणं हे मुलाचं कर्तव्य. यहुदी धर्मशास्त्रात मृतदेह मातीला द्यायचा असतो, जाळणं परंपरेला मान्य नाही. हे पाहायला युरोपात जायला नको. कोकणातले बेने इस्रायल यहुदी घरात मराठी बोलतात आणि दफन करतात, अलिबागजवळ नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. तेव्हा 'नाइट'मधली राख वाचताना आपल्या कानात जो अस्थिकलशाचा शांत सूर लागतो तो बंद करावा लागतो. त्या राखेत मृत्यूबरोबर मृताचा हक्कही जळालेला आहे. अनुवादात मी 'भट्टी', 'जाळलं', 'राख' असे कोरडे शब्द ठेवीन आणि 'चिता', 'दाह', 'भस्म' यांना हात लावणार नाही. 'भस्म' तर कपाळावर लावतात.

आगीवर इतका वेळ घालवल्यावर भुकेकडे वळायला हवं, कारण परीक्षेत ती विसरली जाते आणि पुस्तकात ती जास्त पानं व्यापते. एका जागी तो म्हणतो की भाकरी आणि सूप हेच माझं आयुष्य, मी फक्त एक शरीर, कदाचित त्याहून कमी, एक उपाशी पोट, आणि काळ मोजत होतं ते पोटच. भागाने पूर्णाचा बोध, असं अलंकारशास्त्र सांगेल. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. भाग पूर्णाच्या जागी 'वापरलेला' नाही, बाकीचा माणूस खरोखर काढून घेतलेला आहे. नावही काढून ए-७७१३ हा क्रमांक दिला होता. कवी जे शब्दांनी करतो ते इथे छावणीने माणसांवर केलं आणि लेखक त्याची नोंद करतो आहे. आउश्वित्झमधून वाचलेले लेखक प्रिमो लेव्ही यांनी हेच दुसऱ्या बाजूने मांडलंय: आमची भूक म्हणजे एक जेवण चुकल्याची भावना नव्हती, आमच्या थंडीला तर नवा शब्दच हवा.

सुपाच्या दोन वाक्यांची जोडी मात्र थांबून वाचा. बुनाच्या छावणीत वॉर्साच्या एका तरुणाला फाशी देतात. सगळ्यांना त्याच्यासमोरून चालायला लावतात. त्या संध्याकाळी, तो लिहितो, सूप नेहमीपेक्षा चवदार लागलं. पुढे एका लहान मुलाला फाशी होते. वजन इतकं कमी की जीव जायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. मागून कोणी विचारतं, देव कुठे आहे. आतून उत्तर येतं: हा इथे, या फासावर लटकतोय. त्या रात्री सुपाला प्रेतांची चव होती.

बहुतेक उत्तरांत दुसरं वाक्य उचलतात, कारण ते 'प्रतिमा' वाटतं. पहिल्यात एकही अलंकार नाही, म्हणून सुटतं. पण दुसऱ्याचं बळ पहिल्यावर उभं आहे. पहिल्या वेळी माणूस मेला आणि जिभेला काहीच कळलं नाही. ती जीभ हरवलेली होती आणि हेच खरं नुकसान, चवीच्या साध्या विधानात लपवलेलं. दुसऱ्या वेळी जिभेला कळलं. म्हणजे 'प्रेतांची चव' हे भयानक असूनही त्यात माणूसपण क्षणभर परत आलेलं आहे. एकटं वाक्य वाचून हे हाती लागत नाही.

फासावरच्या उत्तराबद्दल एक सावधगिरी. फ्रेंच पुस्तकाला फ्रांस्वा मोरियाक यांची प्रस्तावना आहे. ते श्रद्धाळू कॅथलिक होते आणि त्यांना तिथे क्रूस दिसला. कोणाचं वाचन आहे ते सांगून तुम्ही हे जरूर लिहा. ते लेखकाच्या तोंडी घालू नका. क्रूसावर दुःखाला उद्धाराचा अर्थ मिळतो. फाशीच्या प्रसंगात उद्धाराचा एकही शब्द नाही.

व्हायोलिनचा प्रसंग दोन ओळींत आटपतो, पण चुकवू नका. ग्लाइविट्झच्या छावणीत, माणसांवर माणसं पडलेल्या अंधारात युलिएक हा कैदी बीथोव्हेन वाजवतो. यहुद्यांना जर्मन संगीत वाजवायची बंदी असल्याचं पुस्तकात आधीच येऊन गेलंय. सकाळी तो मेलेला असतो आणि शेजारी तुडवलेलं व्हायोलिन, एखाद्या लहानशा प्रेतासारखं. छावणीचे पहारेकरी कैद्यांना 'नग' म्हणून मोजायचे. माणसाची वस्तू करणाऱ्या त्या जागी लेखक वस्तूला माणसाचा मृत्यू देतो. उपमा इथे शोभेसाठी आलेली नाही, ती हिशोब उलटा फिरवते.

थोडक्यात, आतापर्यंतचं: आधी सरळ अर्थ अडतो का ते पाहा, अडत नसेल तर तो जागेवर ठेवून पुढे ऐका. अडत असेल तर प्रतिमा कुठल्या खऱ्या वस्तूपासून उठली ते मागच्या पानांत शोधा. आणि आपल्या भाषेतले पवित्र शब्द मध्ये येऊ देऊ नका.

यावरून आणखी एक सवय लावून घ्या. जिथे अलंकार संपतात त्या जागा शोधा. पुस्तकातली सगळ्यात मोठी हानी जवळपास अलंकाराविना सांगितली आहे. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, एवढा हुकूम, तोही शांत आवाजात. आई त्झिपोराचा हात धरून दूर जाताना दिसते, तिच्या सोनेरी केसांवरून हात फिरवत, जणू तिला सांभाळत. आपण कायमचे वेगळे होतो आहोत हे तेव्हा माहीत नव्हतं, असं तो साधेपणाने सांगतो. या सगळ्यात अलंकार म्हणावा असा शब्द एकच, 'जणू'. उत्प्रेक्षेचा हा शब्द आपण कवितेत सजावटीसाठी वापरतो. इथे तो, हात जे करू शकत नव्हता ते सांगतो. सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून 'जणू'. ही सात वर्षांची मुलगी गाव सोडताना हातावर लाल कोट घेऊन, न पेलणारं ओझं पाठीवर घेऊन दात आवळून चालत होती, हे काही पानं आधी येऊन गेलंय. अनुवादात 'जणू' गाळलं किंवा 'काळीज पिळवटून' वगैरे काही घातलं, तर प्रसंग गेलाच.

वडिलांचा मृत्यूही असाच. २९ जानेवारी १९४५ च्या पहाटे जाग येते तेव्हा वडिलांच्या जागी दुसरा आजारी माणूस असतो. कदाचित श्वास चालू असतानाच त्यांना भट्टीकडे नेलं असेल. थडग्यावर प्रार्थना नाही, आठवणीसाठी दिवा नाही. 'दिवा नाही' याला प्रतीक समजू नका. दरवर्षी तिथीला मेणबत्ती लावणं आणि मुलाने अकरा महिने कद्दिश ही मृतासाठीची प्रार्थना म्हणणं ही खरी चालरीत आहे. ती झाली नाही, एवढंच वाक्य सांगतं. कद्दिशमध्ये मृत्यूचं नावही नाही, ती देवनामाची स्तुती आहे, आणि पहिल्या रात्री हेच लोक स्वतःसाठी कद्दिश म्हणत चालले होते. तो धागा इथे येऊन तुटतो. शेवटी 'सुटलो एकदाचा' यासारखं काहीतरी मनाच्या तळाशी सापडलं असतं, असं तो म्हणतो. 'सापडलं असतं', 'सापडलं' नव्हे. उत्तरात 'मुलाला सुटका वाटली' असं ठोक लिहिलंत तर त्याने स्वतःवर ठेवलेला आरोप तुम्ही निकाल म्हणून जाहीर केलात.

आता लिखाण. पुस्तक लहान आहे, दोन संध्याकाळी पुन्हा वाचून होईल. पेन्सिल घेऊन सात शब्द शोधा: रात्र, आग, धूर, राख, सूप-भाकरी, गप्प, डोळे. प्रत्येक ठिकाणी समासात 'स' किंवा 'ल' लिहा, सरळ की लक्षणा. जिथे ठरवता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह. उत्तर त्या प्रश्नचिन्हांवर लिहायचं, कारण सांगण्यासारखं तिथेच असतं. एका उत्तराला तीनच जागा पुरतात: एक पूर्ण सरळ, एक पूर्ण लाक्षणिक, एक दोन्हींच्या सीमेवरची. प्रत्येकीला मागचं एक पान जोडा. 'आशा', 'मानवतेचा विजय' असले शेवट टाळा. पुस्तक ते देत नाही.

आणि तुमचं आरशाचं वाक्य. ११ एप्रिल १९४५ ला बुखेनवाल्ड मुक्त झालं. तीन दिवसांनी विषबाधेने तो इस्पितळात, दोन आठवडे जगण्यामरण्याच्या मध्ये. एक दिवस बळ एकवटून उठतो, घेट्टो, म्हणजे यहुद्यांना कोंडलेली वस्ती, सोडल्यापासून स्वतःला पाहिलेलं नाही. आरशाच्या तळातून एक प्रेत त्याच्याकडे बघत असतं. इथे सरळ अर्थ अर्धाच अडतो. उपासमारीने शरीर खरंच तसं दिसत होतं, पण बघणारा जिवंत आहे. हे प्रश्नचिन्हाचं ठिकाण. 'ओळख हरवली' एवढ्याने ते भरत नाही. पहिल्या रात्रीचं ते ठळक केलेलं वाक्य काढा: मुलगा जळाला, माझ्यासारखा दिसणारा आकार उरला. तो आकार त्याला पहिल्यांदा आता दिसतो. प्रतिमा नवी नाही, सगळं पुस्तकभर ती आरसा मिळायची वाट पाहत होती. वाक्याची रचनाही बघा: प्रेत कर्ता आहे, 'मी' कर्म. यिडिश पुस्तकात तो मूठ मारून आरसा फोडतो. फ्रेंचमध्ये आरसा तसाच भिंतीवर राहतो आणि नजरही.

तुमचं मराठी पोकळ वाजलं त्याची तीन कारणं असावीत. 'कलेवर' घेतलंत, ते फार देखणं आहे. 'शव' घेतलं तर पंचनामा वाटतो. 'प्रेत' ठेवा, रोजचा शब्द आहे. त्याला भुताखेताची छटा आहे खरी, पण 'प्रेतयात्रा'मुळे कान सरळ अर्थावरच थांबतो. दुसरं, 'न्याहाळत होतं' नको, न्याहाळण्यात माया असते. 'एकटक पाहत होतं' पुरे. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, काळ. फ्रेंचमध्ये शेवटचं वाक्य वर्तमानात आहे आणि त्यात नजर 'माझ्या डोळ्यांत' आहे. इंग्रजीत ते डोळे प्रेताकडे गेले. म्हणून मी असं करीन: "आरशाच्या तळातून एक प्रेत माझ्याकडे एकटक पाहत होतं. माझ्या डोळ्यांतली त्याची नजर मला सोडत नाही." 'सोडली नाही' केलंत, तर ती गोष्ट १९४५ मध्येच संपते.